शपथ कुणी कुणाला द्यायची?

मी एका माणसाला शपथ दिली आणि तिसऱ्या रात्री तो मेला. हे वाक्य कवितेत घालायचा मी लई प्रयत्न केला. जमत नाही. कवितेत गेलं की ते देखणं व्हायला लागतं, आणि ते देखणं झालेलं मला नको आहे. म्हणून हे साधं गद्य.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत मी रिंग खात्यात कामाला आहे. बारावीनंतर कॉलेज सुटलं. पुढचं जे काय शिक्षण झालं ते वाचनालयात, चळवळीत आणि तिसऱ्या पाळीत. तेव्हा तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र असले शब्द मी भीतभीतच वापरतो. पण मला पडलेला प्रश्न त्याच खात्यातला आहे, आणि तो आपल्या वतीनं कुणी पंडित सोडवून ठेवेल अशी आशा नाही. प्रश्न असा, की एका माणसाला दुसऱ्या माणसाला सुधारायचा हक्क कुठून मिळतो? आणि मिळत असेल, तर तो वापरायचं शिक्षण कुठं मिळतं?

१४ एप्रिल २०२२. करोनामुळं दोन वर्षं मिरवणूक निघाली नव्हती, त्यामुळं त्या साली पोरांच्या अंगात वारं होतं. आमच्या मंडळानं ठरवलं, यंदा नुसता डीजे नाही, यंदा वस्तीतली दारू हटवायची. सकाळी विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढं अकरा जणांना उभं केलं आणि दारू सोडल्याची शपथ दिली. शपथ मी लिहिली होती. वाचूनही मीच दाखवली, एकेक ओळ, मागून त्यांनी म्हणायची. व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला. त्या अकरांत आमच्या शेजारचे आप्पा होते.

आप्पा कंत्राटदाराकडं गटारी आणि चेंबर साफ करायच्या कामावर होते. वय पन्नाशीच्या आतलं, दिसायला साठीचे. वीस-बावीस वर्षं रोज दारू, सकाळी डोळा उघडला की पहिली. शपथेच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, तू म्हणतुयास म्हणून उभा ऱ्हातो. पर एक दिस जरी चुकली तर मला लई कापरं भरतंय बग. हातात कप ऱ्हात न्हाई."

मी म्हणालो, "आप्पा, मनाचा निर्धार पाहिजे." आणि पुढं बरंच बोललो. काय बोललो ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीही तेच बोलता.

आप्पांनी शपथ पाळली. हेच तर दुखतं. बाकीच्या दहांपैकी सात-आठ जण दुसऱ्या दिवसाच्या आत प्याले, ते आज जिवंत आहेत. आप्पांना दुसऱ्या दिवशी घाम, ओकारी, अंगाला थरकाप. आक्का, म्हणजे त्यांची बायको, मला बोलवायला आली. मी चार पोरं घेऊन गेलो, त्यांना धीर दिला, आणि बाहेर जाऊन पिऊ नयेत म्हणून दाराला बाहेरनं कडी लावली. कडी मी लावली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसायला लागले, चेंबरमधले किडे, आणि ते अंगावरनं झटकत होते. मग फिट आली. मग दुसरी. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली होती?" मी छाती काढून सांगितलं, तीन दिवस झाले, थेंब नाही. डॉक्टर माझ्याकडं नुसता बघत राहिला. पहाटे आप्पा गेले.

दोस्तांनो, यातली वैद्यकाची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती तुमच्या वस्तीत उद्या लागेल. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाबला गेलेला मेंदू उलट बाजूनं जोर लावून तोल धरायला शिकतो. दार दोन्हीकडनं रेटलं जात असावं आणि एकानं एकदम हात काढावा, तसं होतं. दार धाडकन आदळतं. शेवटच्या प्याल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, माणसाला नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, ताप चढतो, आणि उपचार मिळाला नाही तर जीव जातो. सगळ्यांना असं होत नाही. पण जो रोज सकाळी उठल्याउठल्या पितो, ज्याला चुकली की कापरं भरतं, ज्याला आधी कधी फिट येऊन गेली आहे, त्याची दारू घरात कोंडून सोडवायची नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं. तिथं डॉक्टर मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात, रोज थोड्या कमी करत नेतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, आणि ते ग्लुकोजच्या बाटलीच्या आधी देतात. थोडे दिवस लागतात. एवढी साधी गोष्ट. आप्पांनी ती मला डॉक्टरच्या आधी सांगितली होती, कापऱ्याच्या भाषेत. मी ऐकली नाही, कारण मी बोलत होतो.

पुढं मी जे शिकायला गेलो त्याचं कारण हे. लोक विचारतात, गिरणी सोडून व्यसनमुक्तीच्या लायनीत जायचं खूळ कुठनं आलं? समाजसेवेतनं आलं नाही. अपराधातनं आलं.

एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचा वर्ग होता, तीन महिने, दर शनिवार-रविवार. पाळ्या बदलून, खाडे करून गेलो. गंमत बघा, या देशात व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देणारं मंत्रालय आणि अनुसूचित जातींचा कारभार बघणारं मंत्रालय एकच आहे, सामाजिक न्यायाचं. त्याच मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्या पाहणीनुसार दारूमुळं ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसं ५ कोटी ७० लाखांहून जास्त. आणि दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या ३८ माणसांमागं एकालाच कसलीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार १८० मागं एकाला. म्हणजे आमच्या अकरा जणांच्या रांगेत सरकारी हिशेबानं एकाचाही नंबर लागत नव्हता. माझाच लागला होता, मदत करणारा म्हणून.

वर्गात पहिल्यांदा शरीर शिकवलं. मेंदू, यकृत, कोणती गोळी कशाला. दहा प्रश्नांची एक यादी असते, जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली, ती विचारून माणूस किती खोल गेलाय ते कळतं. ते सगळं मला सोपं गेलं, पाठांतर होतं. खरं शिक्षण चौथ्या आठवड्यात सुरू झालं. मला समुपदेशक केलं, दुसऱ्या एका मुलाला पेशंट. दहा मिनिटं बोला म्हणाले. मी बोललो. काय बोललो! आकडे दिले, लेकरांची आठवण दिली, फुले-आंबेडकर दिले. पोरगा शेवटी म्हणाला, "बरोबर आहे साहेब, सोडतो." मला वाटलं जिंकलो.

शिकवणाऱ्या मॅडमनी मागं बसलेल्या मुलीला विचारलं, किती वेळ कोण बोललं? तिनं घड्याळ लावलं होतं. दहांतली साडेआठ मिनिटं मी. मग मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात, म्हणजे पेशंट हरला. हरलेला माणूस संध्याकाळी कुठं जातो?"

विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली एक लेख लिहिला आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक या जोडीदाराबरोबर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं. व्यसनी माणसाच्या आत दोन आवाज आधीच भांडत असतात, एक सोडायची म्हणतो, एक नको म्हणतो. बाहेरचा माणूस सोडायच्या बाजूनं मोठ्यानं बोलायला लागला, की त्या बिचाऱ्याला दुसरी बाजू लढवावी लागते. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो तेच त्याला जास्त पटत जातं. म्हणजे तुम्ही जितकं समजावता, तितका तो पिण्याच्या बाजूनं पक्का होतो. बघणाऱ्याला जी ही दुसऱ्याला ताबडतोब सरळ करून टाकायची उबळ येते, ती आधी आवरायला शिकायचं. समोरच्यानंच सोडायची कारणं बोलावीत अशा बेतानं प्रश्न विचारायचा. आणि गप बसायचं.

गप बसणं. मित्रांनो, आपली चळवळ बोलणाऱ्यांची आहे. हजारो वर्षं तोंड बंद होतं, ते उघडलं, तेव्हा आपण गरजलो ते बरोबरच होतं. मी माझ्या कवितांवर पाणी सोडायला तयार नाही. पण व्यवस्थेवर गरजायचा आवाज आणि आप्पांशी बोलायचा आवाज एकच ठेवला, ही माझी चूक. आप्पांच्या आयुष्यात गरजणारे कमी होते काय? मुकादम गरजत होता, दुकानदार गरजत होता, पोलीस गरजत होता. मी त्यांच्यातला अकरावा-बारावा, एवढंच की माझ्या गळ्यात निळा पट्टा होता.

'समुपदेशन' या शब्दावर मी खूप रात्री काढल्या. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलाय. आणि उपदेश म्हटलं की मला कीर्तनकार आठवतो, शाळेतले गुरुजी आठवतात, स्वच्छ राहा म्हणून सांगणारे आणि नळ न देणारे गावकारभारी आठवतात. आपल्याला या देशात सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर उपदेश. व्याकरणवाले सांगतील की पहिलं अक्षर 'सम्' आहे, म्हणजे सम्यक, नीट, चांगल्या रीतीनं. ठीक आहे, सम्यक हा शब्द आपल्यालाही परका नाही. पण मी मनातल्या मनात तो 'सम' असाच वाचतो. दोन खुर्च्या, सारख्या उंचीच्या. चुकीचा वाचत असेन तर वाचू द्या.

आता शपथेचं. आपल्या पंचशीलातलं पाचवं शील दारूविषयी आहे आणि बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळं आपल्यातले काही म्हणतील, हा मिलर-बिलर सांगू नकोस, बाबासाहेबांनी सांगितलंय सोडा म्हणजे सोडा. मी त्यांना पाली शब्द नीट बघायला सांगतो. प्रत्येक शीलाला तिथं 'सिक्खापद' म्हटलंय. सिक्खा म्हणजे शिकणं, पद म्हणजे पाऊल. शिकण्याचं पाऊल! हुकूम नव्हे. आणि क्रियापद पहिल्या पुरुषात आहे. मी घेतो. मी घ्यायला लावतो असं नाही. विहारात आपण हे लहानपणापासून घोकतो आणि रोज पुन्हा घेतो. रोज पुन्हा घ्यावं लागतं याचा अर्थच असा, की काल घेतलेलं मोडू शकतं आणि मोडलं तर माणूस संपत नाही, तो शिकतोय. व्यसनमुक्तीच्या वर्गात पुन्हा घसरण्यावर दोन अख्खे दिवस शिकवतात. घसरला म्हणून हाकलायचं नाही, कुठं घसरला ते त्याच्याबरोबर बसून बघायचं. मी विहारात जे केलं त्यात शील नव्हतं. अकरा माणसांना पहिल्या पुरुषातलं वाक्य मी माझ्या तोंडून म्हणायला लावलं. पहिला पुरुष माझाच होता.

आणखी एक गोष्ट मला इतिहासात दिसली, ती तुम्ही तपासून बघा. १८८० साली जोतीरावांनी पुण्यातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. कुणाला? पिणाऱ्याला नाही, नगरपालिकेला. १९२७ साली महाडला बाबासाहेब दारूबद्दल बोलले ते बायांशी. नवरा, पोरगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका म्हणाले. एकानं दुकानाला परवानगी देणाऱ्याला धरलं, दुसऱ्यानं जिला सोसावं लागतं तिच्या हातात हत्यार दिलं. आणि आपण? आपण सगळ्यात सोपा जो सापडतो त्याला धरतो, गटारीच्या कडेला पडलेल्याला.

महाडच्या त्या सल्ल्यावर मला घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा बाप पीत होता. आता नाही. पीत होता तेव्हा आईला मारायचा. आईनं एकदा महाडचं ऐकलं आणि ताट वाढलं नाही. त्या रात्री भाताचं भांडं दाराबाहेर गेलं आणि आईचा हात मोडला. वर्गात जेव्हा शिकवलं की घरच्यांनी व्यसनी माणसावर पांघरूण घालू नये, त्याचे उधार फेडू नयेत, खोटं आजारपण सांगून त्याची खाडी भरून काढू नये, तेव्हा मी आईला येऊन सांगितलं, बघ, बाबासाहेब हेच म्हणाले होते. आई म्हणाली, "बरोबरच म्हणले. पर त्या रातीला वस्तीतलं चार जण दारात उभं ऱ्हायला पायजे हुतं. एकट्या बाईनं करायचं काम न्हवं ते."

हे वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकात मला मिळालं नाही.

आणि इथंच माझं त्या शिक्षणाशी भांडण आहे, तेही सांगतो. पेशंटचा बिनशर्त स्वीकार करायचा, त्याचा न्याय करायचा नाही, हा तिथला पहिला नियम. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडनं आलेली कल्पना. ऐकायला मला ती फार आवडली. ज्यांना शिवून घ्यायला माणसं तयार नव्हती त्यांच्या नातवाला बिनशर्त स्वीकार या दोन शब्दांची किंमत सांगायला नको. पण एका रविवारी दुसऱ्या नाटकात पेशंट झालेला मुलगा सहज बोलून गेला, "मग बायकोला एक ठेवून दिली," आणि मी उठून बाहेर गेलो. नळाखाली डोकं धरलं. मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, माणसाचा स्वीकार करायचा, मारण्याचा नाही. आजार प्यायला लावतो, हात उचलायचा की नाही ते आजार ठरवत नाही. बायकोच्या जिवाला धोका असेल तर तुम्ही गप बसायचं नसतं, तेही नियमात आहे. मला हे डोक्यात पटलं. पोटात अजून पुरतं पटलेलं नाही. मला असं वाटतं, की आईच्या बाजूनं उभं राहिलेलं एक माणूस माझ्या आत कायम राहणार आणि त्याला बाहेर बसवून मला खोलीत जावं लागणार. ते जमेल तेव्हा मी समुपदेशक होईन. अजून झालो नाही.

आता आपल्या एका साथीची टीका. साथी माझ्याहून वाचलेला आहे आणि मी त्याला मानतो. तो म्हणाला, "तू मालकासाठी माणसं दुरुस्त करणार. गटारीत उतरणारा पितो कारण शुद्धीवर असलेला माणूस तिथं उतरू शकत नाही. दारू हा त्याचा आजार नाही, गटार हा आजार आहे. तू त्याची दारू सोडवून त्याला पुन्हा गटारीत पाठवणार."

याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही, आणि जो चटकन देईल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आप्पांचा मुकादम कामाच्या आधी क्वार्टर देत होता, पगारातनं कापून. वासानं ओकारी येऊ नये म्हणून. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. अशा मृत्यूला ३० लाख भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलं. आप्पा गटारीत मेले नाहीत, माझ्या कडीमागं मेले, त्यांना कुठलाच कायदा लागू नाही. वर्गात एक फॉर्म भरायला शिकवतात. कशामुळं प्यावंसं वाटतं त्याच्या चौकटी असतात, मित्र, भांडण, पगाराचा दिवस, एकटेपणा. मी मॅडमना विचारलं, यात गटारीची चौकट कुठं आहे? कंत्राटदाराची? त्या म्हणाल्या, "इतर म्हणून एक ओळ आहे, तिथं लिहा." आपण कायम 'इतर'मध्येच असतो म्हणा.

तरी साथीचं मला अर्धंच पटतं. आप्पांना गटारीनं प्यायला लावलं हे खरं. पण पुढं पुढं दारूला गटारीची गरज राहिली नव्हती. सुट्टीच्या दिवशीही त्यांना सकाळी लागत होती. कारण गेलं तरी रोग राहतो. आणि गटार बंद पाडायचं असेल तर ज्यांना त्यात उतरवतात ती माणसं लागतात, शुद्धीवर, संध्याकाळच्या मीटिंगला. साथीच्या युनियनच्या सभेला आप्पा दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा त्यांना बाहेर काढलं होतं, प्यालेत म्हणून. ते साथीला मी आठवण करून दिलं. तो गप्प बसला. पहिल्यांदाच मला कुणाच्या गप्प बसण्याचा आनंद झाला नाही.

२०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली. तिथं काय समुपदेशन करणार? तिथं भट्टी, हप्ते आणि मिथेनॉल यांचाच हिशेब मागावा लागतो. बायांनी मतदान करून बाटली आडवी करावी लागते. दोन्ही कामं आहेत. एकाच माणसानं दोन्ही करावीत असा काही नियम नाही, पण एकानं दुसऱ्याला तुच्छ मानू नये.

पूर्वी प्यालेल्या माणसानंच पिणाऱ्याला मदत करावी असं एक मत आहे, आणि त्याची गोष्ट मला आवडते. १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात, बिल विल्सन नावाचा एक माणूस धंद्यात तोंडावर आपटून हॉटेलात बसला होता. थोड्याच महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, आणि समोर बार. त्यानं फोन फिरवून फिरवून गावातला दुसरा एक दारुडा शोधला, बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. त्याला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला. त्यातनं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंडच त्यात मोडली. आपल्याकडं पुण्याला १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं मुक्तांगण काढलं, तिथंही काम करणाऱ्यांत बरे झालेले पेशंट पुष्कळ. मी कधी प्यालो नाही, म्हणजे मला तो दाखला नाही. माझ्याकडं कडीचा दाखला आहे.

ए. ए. च्या पायऱ्यांत देव येतो, आपापल्या समजुतीचा देव असं ते म्हणतात. आपल्या पोरांना तिथं अडखळायला होतं. मलाही झालं. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी पुन्हा कुठल्या शक्तीपुढं शरण जायचं? तिथल्या एका जुन्या सभासदानं मला सांगितलं, देव जमत नसेल तर या खोलीतली माणसं धर. मग मला वाटलं, संघाला शरण जातो असं आपण म्हणतोच की.

राहिली धंद्याची बाजू, कारण पोटाचा प्रश्न लाजेनं लपवायचा नसतो. अनुदानावरच्या केंद्रात समुपदेशकाच्या जागेला पदवी लागते, समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य असली. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर स्वयंसेवक होता येतं. पगार ऐकला तेव्हा लक्षात आलं की रिंग खात्यात मला जास्त मिळतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नव्हते, कारण कांडी भरताना धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपली थुंकी त्यांना चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न काढला. आज खुर्चीला कुणी जात विचारत नाही. पण मी गेलो त्या केंद्रात पेशंटच्या बाजूला वस्त्या बसलेल्या आणि टेबलाच्या पलीकडं सोसायट्या बसलेल्या. मॅडम चांगल्या होत्या, मी त्यांचं देणं लागतो. तरी आप्पा त्यांच्यापुढं बसले असते तर कापऱ्याबद्दल बोलले असते, चेंबरमधल्या किड्यांबद्दल नाही. ते माझ्याशी बोलले असते. मी ऐकलं असतं तर. म्हणून मुक्त विद्यापीठात बी. ए. ला नाव घातलंय. आणखी तीन वर्षं तिसरी पाळी.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला आप्पांचा पोरगा दारात आला. यंत्रमागावर असतो, बाविशीचा. प्यालेला होता, पण पाय धरून होता. कठड्याला टेकून म्हणाला, "दादा, मलाबी दे की शपथ. बापाला दिलीस तशी."

आई आतनं बघत होती. मला लई बोलायचं होतं. माफी मागायची होती, ओरडायचं होतं, त्याच्या बापाचं नाव घ्यायचं होतं. मी पायरीवर बसलो आणि त्यालाही बस म्हणालो. बसला. बराच वेळ गेला. मग विचारलं, "सकाळी उठल्यावर लागते का?"

"कवाकवा."

"न्हाई घेतली तर कापरं भरतंय?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी ते बघितले.

"सोमवारी दवाखान्यात नऊला ओपीडी उघडते," मी म्हणालो. "येशील?"

"सोमवारी माझी पैली पाळी हाय."

"मग मंगळवारी. मी माझी बदलून घेतो. तवर एकदम बंद करू नकोस, आणि सायकलवर बसू नकोस. आक्काला सांगितलंस का?"

तो काही बोलला नाही. मी पण नाही.